किटली न तापवता उघडलेलं दुकान

बाबा,

थूय मावशींना आपलं कॉफीचं दुकान भाड्याने देण्याआधी हे वाचा. तुम्ही हाताच्या ड्रेसिंगला गेलात, त्याआधीच मी पहाटे पाचला दुकान उघडलं होतं, किटली न तापवता. आता फक्त गार कॉफीच्या उरलेल्या बाटल्या न्यायला घरी आले.

आपले रोजचे गिऱ्हाईक ताम काका आधी म्हणाले, "बापाचा हात भाजला, तर पोरीने पाणी तापवणंच सोडलं." मग त्यांनी दुसरा ग्लास मागितला, तोही डब्यातलं गोड दूध न घालता. वीस वर्षांत तुम्हाला हे जमलं नव्हतं. गार पाण्यात कडूपणा कमी उतरतो, बाकी बिया आपल्या नेहमीच्या, बुओन मा थुओतहून येणाऱ्याच.

शंभर ग्रॅम कॉफी आणि पिण्याचं एक लिटर गार पाणी बरणीत ढवळायचं. सोळा तास फ्रिजमध्ये ठेवून कापडातून दोनदा गाळायचं. ग्लासात बर्फ, अर्धी कॉफी, अर्धं पाणी. पहिल्यांदा मी तुमच्या गाळणीसाठी दळलेली बारीक पूड वापरली आणि सगळा चिखल झाला. खड्या मिठाइतकी जाड लागते. यात उकळतं काही उचलावं लागत नाही, एक हात पुरतो. उद्याची बरणी तुम्ही लावा.

मला न विचारता दुकान द्यायचं ठरवलंत म्हणून परवा मी जेवले नाही. ते माझं चुकलंच.

मावशी आज दहाला दुकानाची किल्ली न्यायला घरी येतील. एक बाटली फ्रिजमध्ये ठेवून जाते, त्यांना बसवून त्यातला एक ग्लास द्या. किल्ली माझ्या खिशात आहे.

दिएप