फड्याचा तुकडा आणि कलकत्त्याची मोहर

मी मारोतराव तुळशीराम सुतार, धंदा सुतारकी, राहणार मेडशी, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र लिहवून घेतो. दमा छातीत आहे, डोक्यात नाही. सांगतो ते समजून-उमजून सांगतो, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नाही. भीड मला जन्मात कधी पडली नाही, हे गावाला ठाऊक आहे.

१. राहते घर आणि ओढ्याकाठचे वावर पत्नी सोजरबाई हिच्या नावे. मुलगा जगदेव याने तिला घराबाहेर काढणे तर सोडाच, तिच्यावर आवाजही चढवू नये.

२. वाकस, करवती, रंधे, पटाश्या जगदेवला. मोठ्या रंध्याला गंज चढू देऊ नये. हत्यारांपेक्षा त्याला कोर्टाच्या पायऱ्यांची गोडी जास्त, म्हणून हे लिहावे लागते.

३. आता पेटंट. पेरणीच्या तिफणीवर चाडे असते, मागून चालणारी बाई त्यात मुठीने बी सोडते. मी चाड्यात खाचांचा लाकडी रूळ बसवला आणि तो तिफणीला लावलेल्या चाकाशी जोडला. चाक फिरले की रूळ फिरतो आणि सारख्या अंतरावर बी पडते. नकाशे काढले, कलकत्त्याला अर्ज केला, त्यापायी बैलजोडी विकली, पण सरकारचे पेटंट मिळवले. कागद आला तेव्हा गावभर पेढे वाटले आणि तो काचेत घालून भिंतीवर लावला. नकाशावर मोहर पडली, आता वस्तूतला एक खिळाही हलवणे गुन्हा, असे मी धरून चाललो.

ज्वारी सुरेख पडे. पण आमच्याकडे सरकी शेणमातीत चोळून पेरतात, ती रुळाला चिकटे. सोजरबाई अंगण झाडायचा फडा दाखवून म्हणाली, "अवो, आतून शिंदीच्या फड्याचा तुकडा लावा ना. रूळ झाडत राहीन तो."

मी म्हणालो, "सरकारची मोहर हाये त्याच्यावर! तुह्या फड्यापायी मले जेलात धाडतं काय?"

पुढे मालेगावचा इस्माईल लोहार माझेच चाडे बनवून विकतो असे कानावर आले. तळपायाची आग मस्तकात गेली. जगदेवला घेऊन त्याच्या भट्टीवर गेलो. इस्माईलने चाडे पुढे ठेवले. आत, रुळाला टेकून, फड्याचा तुकडा!

"हे कोनं शिकवलं तुले?"

"मारोतभाऊ, मले काहून इचारता? पहिलं तर भाभीनंच बनवून नेलं. तुमच्याच वावरात चालून राह्यलं ना ते!"

माझ्याच वावरात! आणि मी धुऱ्यावर उभा राहून आल्यागेल्याला पेटंटची तारीफ सांगत होतो. घरी येऊन भांडलो. ती म्हणाली, "तुमाले जेल नोको होता, मले सरकी पेराची होती. माहं काय चुकलं?" त्या दिवशी मी जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

जगदेव म्हणतो, "बाबा गेले का इस्माईलवर दावा ठोकतो, भट्टीच लिलावात काढतो." म्हणून लिहितो: पेटंटचे मुदतीपर्यंतचे सर्व हक्क मी इस्माईल वल्द चांद लोहार, राहणार मालेगाव, यास देतो. जगदेवचा त्यावर कवडीचाही हक्क नाही.

अर्जनवीस उदयसिंग लिहिता लिहिता थांबले. म्हणतात, "मारोतराव, चोराच्याच हाती चावी?" हो, त्याच्याच हाती. रूळ त्याने माझा चोरला, माझा राग गेलेला नाही, तोही लिहून घ्या. पण त्याचे चाडे अडकत नाही. अशा माणसाची भट्टी माझ्या नावाने विझली तर मला वर सुख लागणार नाही.

४. राहिला काचेतला कागद. काल तो खाली काढून मी स्वतः नकाशात फडा काढला. काढताना शाई मोहरेवर सांडली. सरकारला काय करायचे ते करो, मी सापडणार नाही. सोजरबाईला दाखवला. तिला अक्षर येत नाही, चित्र कळते. बराच वेळ बघून म्हणाली, "उलटा काढला जी."

कागद इस्माईलला द्यावा. त्याने फडा सुलटा काढून घ्यावा, आणि ही अक्कल कोणाची असे कोणी विचारले तर सोजरबाईचे नाव सांगावे.

येणेप्रमाणे लिहवले, वाचून घेतले, कबूल आहे.

सही: मारोतराव तुळशीराम सुतार

साक्षीदार: १. बबनराव किसनाजी, मेडशी
२. दौलतसिंग सोमला, मेडशी

लिहिणार: उदयसिंग, अर्जनवीस

मुक्काम मेडशी, ता. ६ मार्च १९३८