देगी आणि कलई

शुक्रवार, संध्याकाळ. श्रीगोंदा.

आजची बैठक मीच आमच्या ओट्यावर बोलावली होती. आम्हा आतारांचं आणि पिंजाऱ्यांचं भांडण गेल्या ईदपासूनचं. तेव्हापासून जमातीच्या सामाईक तांब्याच्या देगी आमच्याकडेच अडकलेल्या, आणि पिंजाऱ्यांच्या हसीनाभाभीच्या मुलीचं लग्न परवावर आलेलं. एवढ्या माणसांचं जेवण शिजायचं कशात?

मी कडक बोलले. "मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहता, मग देगीपाशीच आतार आणि पिंजारी कसे होता? आपण सगळे एकच ना?"  शेवटी आमचे थोरले दीर म्हणाले, "घेऊन जाऊ देत." तिथेच गप्प बसायचं, तर मी हसीनाभाभीला म्हणाले, "न्या खुशाल. परत आल्या की आम्ही कलई करून घेऊ."

कलई. आतारांच्या लग्नातून देगी परत आल्यावर मी कधी कलईचं नाव काढलं होतं? कधीच नाही. अम्मी पिंजाऱ्यांनी वापरलेल्या भांड्यांबद्दल असं बोलायची, ते कानावरून गेलेलं असणार. पण आज तोंड माझं होतं.

 हसीनाभाभी हसून म्हणाली, "कलईचं आमच्याकडं लागलं, आपा. तुमी निस्तं जेवायला या."

देगी टेम्पोत चढल्या. सगळे म्हणत होते, आपामुळे मिटलं. मीही मान डोलावली.

मुलीची पाठवणी झाली की डोळे पुसून ती बाई आधी कलईवाला शोधेल. मी "राहू दे" एवढंही म्हणाले नाही.