टेबलावर दोन डबे

प्रिय शॉना,

आधी एक काम कर. बाबांनी दिलेल्या पिवळ्या डबीतलं एकही काडतूस उडवू नकोस. रायफलीत घातलेलं असेल तर आत्ता ऊठ, बाहेर काढ आणि मग बसून पुढचं वाच. ही चिठ्ठी घेऊन येणारा हॉइट तुला हेच तोंडानेही सांगेल. त्याला मी पुन्हा पुन्हा बजावलंय, पण खेचरांवरचं सामान उतरवायच्या गडबडीत तो काय विसरेल याचा नेम नाही, म्हणून पहिल्याच ओळींत लिहिते आहे. तरी जिवाला चैन नाही. शिकारीचा सीझन शनिवारी उघडतो हे मला माहीत आहे, पण तू दरवर्षी डोंगरावरच्या तळावर पोचलीस की खेचराच्या पाठीवर रायफलीची दुर्बीण हलली की काय ते बघायला समोरच्या दगडावर एक बार काढतेसच. या वर्षी काढलास का, आणि कुठल्या काडतुसाने, एवढंच रात्रभर डोक्यात घुमतंय. मागच्या वर्षीची उरलेली तुझ्या जाकिटाच्या खिशात असतील, त्यातलंच घेतलं असशील, अशी मी स्वतःची समजूत घालते आहे.

झालं असं. काल दुपारी बाबांना जेवायला हाक मारायला गॅरेजमध्ये गेले, तर काडतुसं भरायच्या टेबलावर बारुदीचे दोन डबे. दोन्ही उघडे. तुला मी काय सांगणार? त्या टेबलापाशी उलट्या बादलीवर बसून, पितळी पुंगळ्या फडक्याने पुसत तू लहानाची मोठी झालीस. रायफलीची बारूद संथ जळते आणि पिस्तुलाची एकदम भडकते, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात जेवढं कळलं तेवढं तुला दुधाचे दात असताना कळत होतं. म्हणून तर त्यांचा तो नियम. टेबलावर एका वेळी एकच डबा. काम झालं की मापाच्या नळीत उरलेली बारूद त्याच डब्यात परत, झाकण घट्ट, डबा कपाटात, कपाटाला कुलूप, आणि मगच दुसरा. मी दारातून कॉफीचं विचारलं तरी पाठमोरेच हात वर करायचे, "लोइस, मोजतोय!" त्या एका शब्दापायी मी किती कॉफी गार केली असेल देव जाणे.

मी म्हटलं, "वर्न, हे दोन डबे कसे?" त्यांनी डब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "तूच काढले असशील, धूळ पुसताना. तुम्हा बायकांना जागची वस्तू जागेवर बघवत नाही!" शॉना, त्या टेबलावर मी आजतागायत फडकं फिरवलेलं नाही. त्यांनी फिरवूच दिलं नाही. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "हो, मीच असेन." ते पोटभर जेवले.

तुझी डबी भरली त्याच दिवशी भरलेली थोडी काडतुसं घरी उरली होती. संध्याकाळी ती एप्रनच्या खिशात घालून हॉइटकडे गेले. गोळी काढायची ती हातोडी असते ना, तिने त्याने एकेक काडतूस मोकळं केलं आणि आतली बारूद पांढऱ्या बशीत ओतली. पहिल्यातले दाणे बारीक काड्यांसारखे, जसे हवेत तसे. दुसऱ्यात नुसत्या चपट्या चकत्या, पिस्तुलातल्या. हॉइटसाठी पिस्तुलाची काडतुसं भरून झाल्यावर नळीत उरलेली बारूद बाबांनी काढलीच नसणार, आणि तीच पुढे तुझ्या पुंगळ्यांत गेली. हॉइटने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "काकू, हे उडालं असतं तर रायफलीचा मागचा भाग शॉनाच्या तोंडावर आला असता." तो दोन दिवसांनी वर यायचा होता. "मी उद्या उजाडताच निघतो," म्हणाला. "बर्फ पडलं तरी निघतो, तुम्ही घरी जा."

ऑगस्टमध्ये तू फोनवर म्हणालीस की बाबा एकच गोष्ट दोनदा सांगतात, तेव्हा मी तुझ्यावर खेकसले होते. राग नव्हता गं तो. तेव्हाही भीतीच होती. बिस्किटला ते अधूनमधून ड्यूक म्हणून हाक मारतात. ड्यूकला पुरलं तेव्हा तू कॉलेजात होतीस. बिस्किट बिचारा त्या नावालाही शेपूट हलवत येतो, म्हणून मीही हसण्यावारी नेलं. परवा फाटकापाशी ट्रक चालूच ठेवून आत आले आणि झोपून गेले. तेही मी कोणाला सांगितलं नाही.

हॉइट आता उजाडता उजाडता इथूनच जाणार आहे, ट्रकमध्ये खेचरं चढवून झाली की दार वाजवेल, तोवर लिहून संपवायचं आहे. आणि गॅरेजमधून खण उघडल्याचे, आपटल्याचे आवाज येताहेत. बाबा उठून कामाला लागलेत. शॉनाला कमी पडायला नकोत, अजून एक डबी भरतो, म्हणाले. पुंगळीच्या बुडाशी बसतात त्या टोप्या मी त्यांच्या आधी उठून उचलल्या आणि मैद्याच्या डब्यात खोल दडपल्या. टोप्यांशिवाय त्यांना काही करता येणार नाही आणि मैद्याच्या डब्याला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. आत्ता दारात येऊन विचारून गेले, "लोइस, माझ्या टोप्या पाहिल्यास का?" मी नाही म्हटलं. त्यांनी कपाळ चोळलं आणि हळूच म्हणाले, "मग मीच कुठेतरी ठेवल्या असतील." तो चेहरा मला बघवला नाही. काल खोटं बोलून मी त्यांना चूक कळू दिली नाही, आणि आज खोटं बोलून न केलेली चूक त्यांच्या माथी मारली. माणूस स्वतःवरचा भरवसा असाच घालवत असेल ना? आणि मी घरात बसून त्याला हातभार लावते आहे. मला माझीच भीती वाटायला लागली आहे.

काडतुसं उडवू नकोस एवढा निरोप हॉइटच्या तोंडीही चालला असता. मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. बाबांच्या त्या मित्राचा, गसचा, डोळा गेला ते वर्ष आठवतं? त्यानेही दोन बारुदी एकत्र केल्या होत्या. बाबा त्याला इस्पितळात बघून आले, तुला बादलीवर बसवलं आणि म्हणाले, "पोरी, ज्या दिवशी माझ्या टेबलावर दोन उघडे डबे दिसतील त्या दिवशी या कपाटाची किल्ली माझ्याकडून काढून घ्यायची. मी ओरडलो, रडलो तरी ऐकायचं नाही. हे तूच करायचंस. तुझ्या आईला जमणार नाही, ती माझं मन सांभाळत बसेल." तू तळहातावर थुंकून त्यांच्याशी हात मिळवलास आणि मी दारात उभी राहून तुम्हा दोघांना हसले होते. शॉना, त्यांचं अक्षर न् अक्षर खरं झालं. मला जमत नाही. या वर्षीची शिकार सोड आणि हॉइटबरोबर खाली ये. पिवळी डबी नेलीस तशी भरलेली परत आण. किल्ली अजून त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला आहे. तू मागितलीस की ते ओरडतील, कदाचित रडतीलही, आणि त्याला माझी तयारी आहे. तू समोर उभी राहून हात पुढे करशील आणि ते विचारतील, कसली किल्ली, कधी म्हणालो होतो मी असं? मला भीती आहे ती याची.

दार वाजलं. हॉइट आला.

रस्त्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई