तीन फिल्टर आणि एक बाई

प्रिय जयमाला,

अहमदपूरला पोचल्यावर तू फोन केलास तेव्हा मी तुटक बोलले, त्याचा राग धरू नकोस. रडू आवरायचं असलं की मी अशीच खेकसते, तुला ठाऊक आहे. ज्योतीराम कसे आहेत? कंत्राट संपलं म्हणून कंपनीने घरी बसवलं की भलाभला माणूसही खचतो, पण तुझा नवरा गप्प बसणाऱ्यातला नाही, गावी काहीतरी काम बघेलच. दिव्याला शाळेत घातलंस का? तिची चप्पल इथेच राहिली आहे, डाव्या पायाची. उजवी कुठे टाकली तिचं तिलाच माहीत!

आता इथलं सांगते. तू गेलीस आणि आपल्या पाळणाघराला कुलूप लागलं. मी एकटीने चालवून बघितलं गं, नाही असं नाही. पण एकाला मांडीवर घ्यावं तर दुसरा दाराबाहेर पळालेला. आणि रडणारं पोर मला बघून आणखीच भोकाड पसरतं. तू नुसता पाठीवरून हात फिरवायचीस आणि पोर पेंगायला लागायचं. आठवड्यात मी हात टेकले. चाकणला शिफ्टला जाणाऱ्या आपल्या बायका पोरं कडेवर घेऊन दारात उभ्या, तिकडे रहाटणी फाट्यावर कंपनीची बस हॉर्न मारतेय, आणि मी कुलूप लावतेय. कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत झाली नाही माझी. रात्री जेवण गेलं नाही.

किती ठिकाणी हात पसरले आपण, आठव. महापालिकेने खोली दिली, भिंतीवर हत्ती-ससे रंगवून दिले, पण पोरं सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराची तरतूद नाही म्हणाले. कंपन्यांकडे समाजकामासाठी तो सीएसआरचा पैसा असतो म्हणून मी प्रस्ताव लिहून लिहून थकले. त्यांनी काय दिलं? पाण्याचे फिल्टर! एका कंपनीने दिला, मग दुसरीने, मग तिसरीने, आणि प्रत्येकीची पाटी आधीच्या पाटीपेक्षा मोठी. पोरं पिऊन पिऊन पाणी पिणार तरी किती? एका कंपनीने तर दोन-दोन वर्षांच्या पोरांना कॉम्प्युटर दिला. आपल्या दिव्याने त्याच्या माऊसला सुतळी बांधून गाडी केली आणि साहेबांसमोरच ओढत नेली! वस्तूवर नाव घालता येतं गं, माणसाच्या कपाळावर पाटी कुठे ठोकणार? म्हणून तुझ्यासाठी कुणी पैसा सोडला नाही. वर्षानुवर्षं तू मी देऊ शकले त्या तुटपुंज्या मानधनावर राबलीस.

तर कुलूप असतानाच त्या मोठ्या कंपनीच्या स्वरूपा मॅडम आल्या, चौथ्या फिल्टरचं विचारायला. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, मॅडम, फिल्टर तुमच्या घरी न्या, मला एक बाई द्या. मॅडम कसल्या, तरुण पोरगी ती, गोरीमोरी झाली. मला वाटलं, संपलं, आता हे दारही बंद. पण ती तिथेच पायरीवर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, ताई, पगार आमच्या नियमात खरंच बसत नाही, पण या कुलुपामुळे ज्यांचं काम अडलंय त्यांच्याकडे जा की. अगं, इतकी वर्षं मी आपली गरीब पोरांवर दया करा म्हणून लिहीत होते. आपल्यावाचून कुणाचं अडतं, हे कधी लिहिलंच नाही!

जावंही लागलं नाही. दोन दिवसांनी रोहिदासशेठ स्वतः दारात हजर. गाड्यांचं वायरिंग जोडायचा त्यांचा छोटा कारखाना आहे ना चाकणला, आपल्या निम्म्या बायका तिथंच जातात. लाइनवर बाया न्हाईत, माल अडकलाय, तुमचं कुलूप कवा निघायचं, म्हणून माझ्यावरच तणतणायला लागले. मी तणतणू दिलं. मग विचारलं, बाईचा पगार देता का? त्यांनी बोटांवर हिशोब केला. म्हणाले, देतो की, पर एकट्याला न्हाई झेपायचं, बघतो. गेले ते गेले, असं मी धरून चालले. पण माणूस आला गं! आजूबाजूचे आणखी चार छोटे कारखानदार घेऊन आला आणि तीन वर्षं पगार देऊ, पीएफसकट, असं सह्या करून लेखी दिलं. पाटी लावायची का विचारलं, तर म्हणाले, पाटी कशाला, पोरं सांभाळा म्हंजे झालं. त्यांनी हात घातल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. स्वरूपा मॅडमनी पोरांच्या दुपारच्या जेवणाचे पैसे मंजूर करून आणले, महापालिकेने खोलीची मुदत वाढवून दिली. मी त्या सगळ्यांना पुरणपोळी करून घातली. दुसरं काय देणार?

पण खरं सांगू? माझ्या एवढ्या प्रस्तावांनी झालं नाही, ते तू नसल्याने झालं. तू काय करत होतीस ते तू गेल्यावर सगळ्यांना कळलं. मला तर रोज डोळ्यांनी दिसत होतं, तरी तुझे आभार मानायचे राहूनच गेले. घरच्या माणसाचे कसले मानायचे, असं वाटायचं. आज मानते. मनापासून मानते, जयमाला. तुझ्या जिवावर या वस्तीतल्या कितीतरी बायकांची घरं चालली, आणि त्यात माझंही नाव झालं.

सोबत नेमणुकीचं पत्र आहे, तुझ्या नावाचं. मला तूच हवी आहेस, हे लपवत नाही. पण हे फोन करून मुद्दाम सांगितलं नाही. फोनवर मी ये म्हणाले असते आणि तू लगेच म्हणाली असतीस, बरं ताई. अंगात ताप असताना बरं ताई, ऐन दिवाळीत बरं ताई, मानधन लांबलं तरी बरं ताई. तुझ्या तोंडून नाही म्हणून कधी ऐकलंच नाही मी. आता तिकडे तुझी सासू आहे, आपली माणसं आहेत, पोरीची शाळा आहे. ज्योतीरामांशी बोल, सावकाश विचार कर. यायचं असेल तर मी स्टँडवर घ्यायला येते. आणि यायचं नसेल, तर पत्राला नाही म्हणता येतं गं. पत्र समोर उभं राहून तोंडाकडे बघत नाही. म्हणून पत्र लिहिलं.

उत्तर काहीही आलं तरी

तुझीच,
सुमनताई