पोटरीतल्या तंतुकणिका

रविवार, दिवेलागण

आज माझी जीभ जरा जास्तच सैल सुटली. नात गौरी तालुक्याच्या शर्यतीत पहिली आली, म्हणून सूनबाईची आई, आमच्या विहीणबाई, येडगावहून पेढे घेऊन आल्या होत्या. ओसरीवर बसून गौरीच्या पोटऱ्यांना तेल चोळत होत्या. मी चारचौघांत ऐटीत म्हणालो, "आमच्या घराण्याचा दम हाय हा!" विहीणबाईंचा हात थांबला.

गौरी फटकन म्हणाली, "आजोबा, पेशीत ताकद तयार करते ती तंतुकणिका. अन् ती येते फक्त आईकडनं. तुमीच शिकवलंय न्हाई का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले. शाळा सातवीत सुटली तरी पुस्तकं आणून वाचली, पेशीचं चित्र काढून पोरीला मीच समजावलं. मग तोंडात ‘आमचं घराणं’ आलं कुठून? केंद्रकात अर्धा वाटा बापाचाही असतो, पण ते सांगायला तोंड राहिलं नव्हतं.

विहीणबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजी पोरी, तुज्यात माजं बी काय हाय?"

"तुझंच हाय की आजी! तुझ्या आईचं बी."

त्या पुन्हा तेल चोळू लागल्या. आपलीच पोटरी असल्यासारखं, हळू हळू.

आणि सूनबाई? लेक तिची, अन् पेढे वाटताना मी तिचं नावसुद्धा घेतलं नाही. ‘पोरगी तुझ्यावर गेलीय’, एवढंच तर म्हणायचं होतं. आत भाकरी थापल्याचा आवाज येतोय.

उठतो.