भांड्यांची बँक आणि माझी सही

ता. ३ मार्च, सोमवार
प्रसाद येऊन गेला. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊ गावच्या मराठी मंडळाचा खजिनदार. वय नातवाएवढं, तोंड सरपंचाचं. म्हणे, स्लाऊमधल्या सगळ्यांच्या गॅरेजमधली मोठी भांडी एका जागी आणायची, स्टोरेज घ्यायचं, किल्ली कमिटीकडे. नाव ठेवलंय ‘भांड्यांची बँक’. "आजी, सगळ्यात जास्त भांडी तुमचीच. इथे सही करा."
माझीच आहेत. दोन पातेली, कढया, परात. ह्यांनी आणि मी एकेक करून घेतली. सगळ्यांचे पाडवे, डोहाळजेवणं त्यातच शिजली. सही केली नाही. चहासुद्धा अर्धा कप दिला.

ता. ५, बुध.
नात इरा शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकते. तिथल्या पहिल्या सरकारी बँकेवर डिबेट आहे. "आजी, ती बँक पाहिजे की नको, तू सांग." देश नवा, राज्यं वेगवेगळी, आणि तिथल्या खजिनदारालाही सगळ्या देशाची एकच बँक हवी. खजिनदार सगळीकडे सारखेच. दुसरा मंत्री मोठा शेतीवाला. तो म्हणाला, हा हक्क तुम्हाला दिला कोणी? राज्यघटनेच्या कागदात कुठे लिहिलंय? शहाणा माणूस. एकाच मंत्रिमंडळात बसून दोघं भांडले, त्यातून दोन पक्ष झाले. आधी हेच सगळे म्हणत होते, पक्ष वाईट, आपल्यात नकोत.
आमचं मंडळ तरी काय. "आपण सगळे एक कुटुंब." कुटुंब म्हणे!

ता. ८, शनि.
माझी मैत्रीण कुसुम प्रसादच्या पक्षात गेली. इतकी वर्षं माझ्या पातेल्यात मसालेभात केला हिने. फोनवर म्हणते, "अगं, सोयीचं आहे. तुझी कंबर तरी वाचेल."
"माझ्या कंबरेवर तू उपकार नको करू," म्हटलं.
ठेवला फोन तिने. ठेव.

ता. ११, मंगळ.
शेतीवाला मनातून उतरला. इरा सांगते, त्याच्या शेतावर गुलाम होते. दिवसभर स्वातंत्र्य, स्वातंत्र्य, आणि घरी विकत आणलेली माणसं. मेल्या! वर ती बँक शेवटी झालीच, तर मुदत संपल्यावर त्याच्याच पक्षाने बंद पडू दिली. मग लढाई लागली, पैसा उभा राहीना, तेव्हा त्याच पक्षाने नवीन काढली.
"मग मी काय बोलू डिबेटमध्ये?"
"बोल, दोघंही आपल्यापुरतं बघणारे."
"आजी, असे मार्क्स नाही मिळत."

ता. १२, बुध.
मंडळाची मीटिंग. प्रसाद भरसभेत म्हणाला, "आजी, ज्यांच्याशी तुमचं पटतं त्यांनाच तुमची भांडी मिळतात. वैदेहीला बारशाला दिली नाहीत."
कुसुम चपलेकडे बघत होती.
खरं आहे, म्हणून जास्त राग. वैदेही नागपूरची, गेल्या वर्षी आली. गणपतीत चारचौघींत माझ्या पुरणपोळीला जाड म्हणाली. बारशासाठी पातेलं मागायला आली तर सांगितलं, बाहेर गेलंय. गॅरेजमध्येच होतं. त्या बारा दिवसांच्या पोराने माझं काय घोडं मारलं होतं?
प्रसादचं वायफाय बंद पडो.

ता. १५, शनि.
उद्या बँकेवर मतदान. मोजलं तर दोन्हीकडे सारखेच. माझ्या एका हातावर अडलंय म्हणतात.
संध्याकाळी दारात वैदेही. कडेवर पोर. उद्या दुपारी त्याचं उष्टावण, तीस माणसं जेवायला.
"आजी, पातेलं द्याल का? आणि आधीच सांगते, मी मत बँकेलाच देणार."
"मग बँकेकडेच माग."
"बँक अजून झाली कुठे? आज तुम्हीच आहात."
जीभ बघा. माझीच जणू.
दिलं, तर उद्या म्हणतील म्हातारीने मत विकत घेतलं. नाही दिलं, तर प्रसाद खरा. आणि देऊन वर बँकेविरुद्ध हात वर केला, तर पुढच्या वेळी ज्या बाईला मी तोंडावर खोटं सांगेन, ती कुठे जाणार? हे मी इराला नाही विचारणार.
आत ये म्हटलं, आली नाही. पोर माझी बांगडी ओढत होतं.
"सकाळी सांगते," म्हटलं.
"आठला येते," म्हणाली.
मतदान दहाला.