मुक्या गाडीचा भाव

३ ऑक्टोबर
घेतली तेव्हा एक कोटी अठ्ठेचाळीस लाख. आज शोरूमवाला म्हणाला, अठ्ठावन्न. दोन वर्षांत नव्वद लाख हवेत! गाडी चालली वीस हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला साडेचारशे. एवढ्यात चार माणसांनी मला खुर्चीसकट उचलून नेलं असतं — वर वाटेत गप्पाही मारल्या असत्या.

दुसऱ्याची गाडी असती तर हसलो असतो. तीस वर्षं जुन्या गाड्यांचा धंदा केला. नवीकोरी घेणाऱ्यांच्या खिशातून जे गळतं, त्यावरच हे घर उभं आहे. आयुष्यात एकदाच स्वतः नवीकोरी घेतली. तीही विजेची, तीही शर्यतीत पळवावी अशा जोराची.

४ ऑक्टोबर
का घेतली, ते इथे लिहून ठेवतो. बायकोला दिलेली कारणं वेगळी होती.

मी गाड्या कानाने घेतो. इंजिन चालू करायला सांगायचं आणि डोळे मिटायचे. कुठला वॉल्व्ह खोकतोय, कुठला पट्टा रडतोय, बॉनेट न उघडता सांगतो. बाजारात मला ‘कानवाले शेठ’ म्हणतात ते उगाच नाही. पण दिवसभर ऐकून ऐकून कान किटतात. शोरूममध्ये या गाडीत बसलो, तर ती निघाली हे शेजारच्या माणसाने सांगितलं तेव्हा कळलं. इतकी शांतता! तिथेच सही ठोकली.

७ ऑक्टोबर
आवाराचा मालक आला होता. माझ्या सगळ्या गाड्या ज्या जागेवर उभ्या असतात, ती त्याला विकायची आहे. “तुम्हाला पहिला मान. पण महिनाअखेरीपर्यंत. नाहीतर बिल्डर तयारच आहे.” बाकीचं जमलंय. पासष्ट कमी पडतात. आवार गेलं तर साठ गाड्या काय गॅलरीत लावू? फोरमन मागेच उभा होता. सुरुवातीपासून माझ्याबरोबर आहे. स्वच्छ हातच पुसत राहिला.

बायकोला सांगितलं. म्हणाली, “मग विका की ती. नाहीतरी मला तिच्यात बसलं की डोकं दुखतं.”
हिचं काहीतरीच. एवढ्या शांत गाडीत डोकं दुखतंय!

११ ऑक्टोबर
तिघे येऊन गेले. एकाने पंचावन्न सांगितले आणि उपकार केल्यासारखा बघत बसला. दुसरा — “बॅटरी बसली तर?” तिसरा मेहुण्याच्या ओळखीचा. म्हणाला, नवीन मॉडेल एका चार्जमध्ये दीडपट जातं, आणि कंपनीनेच भाव बारा लाखांनी उतरवलाय. सगळं खरं. मी समोरच्याचा भाव पाडतो तेव्हा हेच बोलतो, याच आवाजात.

१५ ऑक्टोबर
बायकोने विचारलं, बारीक झालात का. म्हटलं, डाएट.

१८ ऑक्टोबर
विकली! सदुसष्ट!

दातांचा डॉक्टर, बरोबर त्याची बायको, आणि बॅटरी तपासायला त्याचा स्वतःचा माणूस. मी कधी तपासूनच घेतली नव्हती. आवाज करत नाही त्यात तपासायचं काय, असा माझा हिशेब. त्याने मशीन लावलं. दुसरा चहा झाला तरी त्याची मान वर होईना. मग म्हणाला, “ब्याण्णव टक्के शाबूत आहे. उत्तम.” त्याला मिठी मारायची बाकी ठेवली.

डॉक्टर साठ म्हणाला. मी दुसरी किल्ली आणायला म्हणून आत गेलो. भिंतीपलीकडून त्याचा दबका, जाड आवाज — “सत्तरपर्यंत जाऊ गं, पण तू आधी रंगाचं कौतुक थांबव.” बाहेर येऊन थंडपणे अडुसष्ट सांगितले. सदुसष्टवर हात मिळाले.

फोरमनला म्हटलं, “बघ, या कानांनी आवार वाचवलं.”
“कान विम्याला घाला, शेठ,” म्हणाला.

२४ ऑक्टोबर
कागद झाले. आवार माझं. जुन्या टायरवर बसून अर्धा तास नुसता फाटकाकडे बघत होतो. दोन वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. जाता-येता मी बायकोची जुनी गाडी वापरतोय. खडखड वाजते. कुठे आणि का, सगळं कळतं. बरं वाटतं.

२९ ऑक्टोबर
डॉक्टरचा फोन. “काका, ताशी साठच्या पुढे गेलं की मागून बारीक शिट्टी येते. कायम अशीच होती का?” म्हटलं, शक्यच नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. तरी फोरमनला घेऊन गेलो. डॉक्टर चालवत होता. मी मागे, थेट मोटरच्या वर.

“ही बघा,” डॉक्टर म्हणाला.
“चांगलीच वाजतेय,” फोरमन म्हणाला, आणि माझ्याकडे बघायला लागला.
मी डोळे मिटले.

घरी बायकोला विचारलं. “ती शिट्टी होय? ती पहिल्या दिवसापासून आहे. मला वाटलं, विजेच्या गाड्या अशाच असतात.”

२ नोव्हेंबर
मोटरचं बेअरिंग होतं. कंपनीने वॉरंटीत फुकट बदललं, व्यवहाराला धक्का नाही. डॉक्टर भला माणूस, मुद्दाम येऊन मला एक फेरी मारून आणली. गाडी आता एकदम गप्प झाली आहे म्हणे.

मला काही फरक कळला नाही.